ट्यूबच्या पट्टीला करंट, बंद स्विचवर मिणमिणणारा बल्ब : घरच्या घरी बदललेले दिवे कसे तपासावेत

लक्षणे आधी सांगतो, कारण फोनवर मला नेहमी तीच ऐकू येतात. स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब रात्रभर काजव्यासारखा मिणमिणतो. ट्यूबच्या लोखंडी पट्टीला बोट लागले की मुंग्या येतात आणि पाय ओले असतील तर चांगला झटका बसतो. नवा बल्ब पंधरा दिवसांत उडतो. पावसाची सर आली की आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की लाईन तोडणारा स्विच) पडते आणि ऊन पडले की पुन्हा टिकते. होल्डरच्या तोंडाशी जळका वास येतो किंवा भिंतीवर काळपट डाग दिसतो. एकाच घरात स्वयंपाकघरातला दिवा डोळे दिपवतो आणि ओसरीवरचा मंदावतो. शहरातल्या वायरमनला सहसा ऐकायला मिळत नाही असेही एक लक्षण आहे: बैल कोठ्यात (गोठ्यात) शिरत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी-पांढरकवडा भागात मी परवानाधारक वायरमन म्हणून काम करतो आणि दर पावसाळ्यात याच तक्रारींसाठी गावोगाव जातो. लक्षणे वेगवेगळी दिसली तरी बहुतेक ठिकाणी मूळ एकच निघते. कोणीतरी आधी त्या दिव्याची रचना बदललेली असते. उडालेला बल्ब काढून त्याच जागी तसाच नवा लावणे ही साधी गोष्ट आहे. पट्टीतला चोक काढून वायर डायरेक्ट करणे, बल्ब फोडून आतला दाणा शॉर्ट करणे, फोकसची तीन पिनांची वायर दोन पिनांची करणे, बोअरच्या पाइपावर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) देणे हे मात्र दिव्याचे रूपांतर आहे, आणि ते करणाऱ्याला पुढे काय होईल हे क्वचितच माहीत असते.

तपासणीकडे जाण्यापूर्वी एक हिशेब मनात ठेवावा. नऊ वॅटच्या एका बल्बमधून २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँपिअर इतका प्रवाह वाहतो. माणसाच्या हातातून साधारण १० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. दिव्यांच्या लाईनवर सहसा ६ अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) असते, म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. एका नऊ वॅटच्या बल्बाएवढा करंट माणसाच्या अंगातून गेला तरी त्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती वायर जळू नये म्हणून बसवलेली असते, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. "एमसीबी आहे ना, मग काय होते?" हे वाक्य मी अनेक ओसऱ्यांवर ऐकले आहे, म्हणून हे आधीच लिहिले.

पहिली तपासणी: नुसते पाहणे

ही फुकट आहे, तरी सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतात. दिवसा, कोरड्या हवेत, पायात कोरडी रबरी चप्पल घालून आणि कशालाही हात न लावता दिव्यापासून स्विचपर्यंत आणि स्विचपासून मीटरपर्यंत वायरचा माग काढावा. वायर कुठे टेपने जोडली आहे, कुठे खिळ्यावर गुंडाळली आहे, कुठे टिनाच्या कापलेल्या कडेवरून आत आली आहे, कुठे तिच्यावर ओले कपडे वाळत घातले आहेत, हे कागदावर लिहून घ्यावे. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार आणि लाईटची वायर एकाच खिळ्याला बांधलेली दिसली, तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी मेन स्विच बंद करून घरातल्या सगळ्यांना त्या तारेपासून दूर राहायला सांगावे. वारा आला की दोन्ही तारा एकमेकींवर घासतात आणि एखाद्या पावसाळ्यात वायरचे कव्हर फाटते. त्यानंतर ओला टॉवेल टाकायला गेलेली बाई थेट फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरला, हात लावते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत भावाची वाट पाहत कापूस घरातल्याच खोलीत छतापर्यंत भरलेला असतो. त्या खोलीतला बल्ब किंवा पट्टी कापसाच्या किती जवळ आहे, हे हाताने नव्हे, डोळ्यांनी मोजावे. जुना चोक तापतो, ढिल्या जोडात ठिणगी उडते आणि हॅलोजनची नळी तर इतकी तापते की तिच्याजवळ रुई ठेवण्याचा विचारही करू नये. अशा खोलीत वायरचा उघडा जोड दिसला, तर कापूस असेपर्यंत त्या खोलीची लाईन बंद ठेवून बॅटरीवर काम भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तपासणी: स्विचमधला लाल दिवा

बंद बल्ब मिणमिणत असेल तर त्याच्या स्विचमध्ये लहान इंडिकेटर आहे का ते पाहावे. स्विच बंद असताना तो इंडिकेटर बल्बमधूनच अगदी थोडा प्रवाह ओढतो. जुन्या पिवळ्या बल्बला त्याने काही होत नसे, परंतु एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. यात धोका नाही, आणि इंडिकेटर नसलेला साधा स्विच बसवला की प्रश्न मिटतो. इंडिकेटर नसेल आणि तरीही बल्ब मिणमिणत असेल, तर चौथ्या तपासणीपर्यंत वाचावे.

तिसरी तपासणी: दुसरा बल्ब लावून पाहणे

शंभर रुपयांच्या आत मिळणारा नवा, आर क्रमांक छापलेला बल्ब त्याच होल्डरला लावावा. आर क्रमांक म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी. एलईडी बल्ब, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे आतले सर्किट) आणि फिटिंग यांना ती लागते, आणि ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकून खरा की खोटा हे पाहता येते. नव्या बल्बने तक्रार थांबली, तर दोष जुन्या बल्बमध्ये होता. तो फेकून द्यावा.

फेकून द्यावा असे मी मुद्दाम लिहिले, कारण आठवडी बाजारात वीस-तीस रुपयांत उडालेले बल्ब चालू करून देणारी दुकाने असतात आणि तेच काम मोबाईलवर पाहून घरीही केले जाते. बल्बची टोपी काढली की पांढऱ्या गोल पट्टीवर एलईडीचे दाणे दिसतात. ज्या दाण्यावर काळा ठिपका पडला असेल, तो सोल्डरने शॉर्ट केला की बल्ब पुन्हा पेटतो. पेटतो हे खरे, परंतु एकामागे एक जोडलेल्या दाण्यांतला एक कमी झाल्याने त्याच्या वाट्याचा दाब (व्होल्ट) उरलेल्या दाण्यांवर किंवा त्यांना चालवणाऱ्या आयसीवर येतो, पट्टी जास्त तापते आणि काही दिवसांत दुसरा दाणा काळा पडतो. याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त बल्बमधला ड्रायव्हर बहुधा मेन लाईनपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे बल्ब चालू असताना प्रत्येक दाणा आणि प्रत्येक सोल्डरचा ठिपका थेट लाईनशी जोडलेला असतो. दाण्यांच्या आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या मध्ये फक्त एक पातळ थर असतो. आपल्या आणि त्या लाईनच्या मधला खरा पडदा म्हणजे ती प्लॅस्टिकची टोपी, आणि दुरुस्तीत ती नीट बसत नाही किंवा पुन्हा बसवलीच जात नाही. टोपी नसलेला असा बल्ब पोरांच्या हाताशी येईल इतक्या उंचीवर, पाळण्याच्या वर लटकलेला मी पाहिला आहे.

लाईटच्या माळांनाही हेच लागू आहे. एकामागे एक जोडलेल्या जुन्या माळेतले दहा दिवे कापून माळ छोटी केली, तर उरलेल्या प्रत्येक दिव्यावर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त व्होल्ट येतात. गणपतीत मखराच्या कापडाला आग लागण्यासाठी तेवढे पुरते.

चौथी तपासणी: टेस्टर

टेस्टर वापरण्याची पद्धत सर्वांना माहीत असते, पण त्याच्या मर्यादा माहीत नसतात. आधी तो चालू असलेल्या सॉकेटमध्ये घालून पेटतो याची खात्री करावी. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून वापरला तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही, म्हणून "टेस्टर लागला नाही" याचा अर्थ "करंट नाही" असा कधीही घेऊ नये. उलट, लांबवर समांतर गेलेल्या वायरमध्ये येणाऱ्या नुसत्या चाहुलीवरही तो मंद पेटतो.

टेस्टरने दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली, पट्टीच्या किंवा फोकसच्या लोखंडावर टेस्टर लावावा. तो पेटला तर तपासणी तिथेच थांबवून मेन स्विच बंद करावा आणि या लेखाच्या शेवटी लिहिल्याप्रमाणे वायरमनला बोलवावे. दुसरी, स्विच बंद करून होल्डरमधल्या दोन्ही टोकांवर लावावा. बंद स्विचवर एखादे टोक चांगले प्रखर पेटत असेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसला आहे, आणि बंद बल्ब मिणमिणण्याचे कारणही तेच असू शकते. दिवा विझतो, कारण वाट तुटते; पण होल्डर, वायर आणि पट्टीचे आतले सगळे भाग लाईनवरच राहतात. आपण स्विच बंद करून निर्धास्तपणे ट्यूब काढायला वर चढतो आणि झटका बसून खाली पडतो. लहान करंटाने जितके लोक दगावतात, तितकेच स्टुलावरून पडूनही जायबंदी होतात, असे माझा अनुभव सांगतो.

ही उलटापालट प्रत्येक वेळी घरातल्याच माणसाने केलेली असते असे नाही. वादळात खांबावरची सर्व्हिस वायर तुटते, घाईत पुन्हा जोडली जाते आणि जोडताना फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल होते. मग काल बरोबर असलेल्या घरातले सगळे स्विच आज न्यूट्रलमध्ये असतात. म्हणून वादळानंतर लाईन परत आली की एका सॉकेटमध्ये टेस्टर घालून पाहण्याची सवय ठेवावी: सॉकेटच्या तोंडाकडे पाहिले असता फेज उजव्या भोकात असायला हवा. आधी उजवीकडे असलेला फेज वादळानंतर डावीकडे गेला असेल, तर अदलाबदल झाली आहे.

पाचवी तपासणी: मेन स्विच खरोखर मेन आहे का

मेन स्विच बंद करून पुन्हा सॉकेटमध्ये टेस्टर लावावा. अनेक घरांत जुना किटकॅट फ्यूज काढून त्या जागी एकाच वायरवर चालणारी एमसीबी बसवलेली असते. वर सांगितलेली अदलाबदल झाली की ती एमसीबी न्यूट्रल तोडते आणि फेज घरभर तसाच राहतो. सगळे दिवे विझलेले, पंखा थांबलेला आणि भिंतीतली प्रत्येक वायर जिवंत, अशी ती अवस्था असते. मेन बंद केल्यानंतरही टेस्टर पेटला, तर पुढे एकही स्क्रू सोडू नये. यावर उपाय म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल मेन स्विच, आणि तो बसवणे हे वायरमनचे काम आहे.

त्याच वेळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. साधारण एका क्विंटल सोयाबीनच्या निम्म्या किमतीत ती येते. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की ती क्षणात लाईन तोडते. तिच्यावरचे टी लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे; दाबूनही ती पडत नसेल तर ती असून नसल्यासारखी आहे. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर आरसीसीबीला तो माणूस आणि बल्ब यांतला फरक कळत नाही. आणि पावसात ती वारंवार पडते म्हणून तिला बायपास करणारे लोक असतात, त्यांना मी एवढेच सांगतो की ती तक्रार करत नाही, साक्ष देत आहे.

सहावी तपासणी: अर्थिंग

फोकसच्या किंवा पट्टीच्या प्लगला तिसरी जाड पिन आहे का, आणि ती ज्या सॉकेटमध्ये जाते त्याला मागे हिरवी वायर आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पिन बसत नाही म्हणून पकडीने कापलेली किंवा दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर लावलेली दिसली, तर तो दिवा लोखंडी असल्यास वापरू नये.

आपल्या काळ्या मातीची इथे एक खोड आहे. पावसाळ्यात ती फुगून अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेल्या रॉडला घट्ट धरते, आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडून ती रॉडपासून सुटते. डिसेंबरात बरोबर असलेले अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होते आणि पहिल्या पावसात, म्हणजे माती अजून पुरती भिजलेली नसताना पण भिंती ओल्या झालेल्या असताना, पट्टीला करंट जाणवू लागतो. खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी टाकणे हे घरच्याने करायचे काम आहे आणि ते फुकट आहे. क्लँप गंजून तुटला असेल तर मात्र नवा बसवून अर्थिंग टेस्टरने मोजून घ्यावे.

सातवी तपासणी: पट्टीच्या आत

इथपासून पुढचे मी घरच्याने करावे असे सुचवत नाही. वायरमन काय पाहतो ते कळावे म्हणून लिहितो. जुन्या ट्यूबच्या पट्टीत चोक आणि स्टार्टर असतो. त्या जागी एलईडी ट्यूब लावताना चोक काढतात, स्टार्टर काढतात आणि वायर थेट होल्डरला देतात. एलईडी ट्यूब मात्र दोन प्रकारच्या मिळतात. एकीत फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांना लागतात. दुसरीत फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये बसवले की दुसऱ्या, अजून हातात असलेल्या टोकाच्या उघड्या पिनांपर्यंत ट्यूबच्या आतून लाईन पोहोचू शकते. आणि पहिल्या प्रकारासाठी वायर केलेल्या पट्टीत वर्षभराने कोणी साधी ट्यूब लावली, तर तिच्या एका टोकाच्या फिलामेंटवर सरळ २३० व्होल्ट येऊन ती जळते. काही एलईडी ट्यूबच्या टोकाच्या पिना आतून जोडलेल्या असतात, त्या लावल्या तर सरळ शॉर्ट होतो. ट्यूब लावणाऱ्याची यात काहीच चूक नसते. त्याला पट्टी नेहमीसारखीच दिसते.

म्हणून मी चोक काढलेली पट्टी दुरुस्त करत नाही. ती काढून संपूर्ण एलईडी पट्टी बसवतो. ग्राहकाला ते दोन-तीनशे रुपये जास्त वाटतात, आणि त्यावरून दोनदा माझे काम गेलेही आहे.

आठवी तपासणी: बाहेरची वायर आणि तो कोठा

सोयाबीन निघाल्यानंतरच्या एका अवकाळी पावसात मला एका वयस्क शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, बैलं कोठ्यात पायच नाही टाकून राहिले. मारलं, वढलं, पण दारातूनच मागं फिरते." मी विचारले, कोठ्यात लाईट आहे का? ते म्हणाले, "हाये, पण ते तर बंद हाये."

कोठा लोखंडी अँगलवर टिनाचे छप्पर घातलेला होता. मी बाहेरूनच अँगलवर टेस्टर लावला आणि तो भरदुपारी दिसेल इतका पेटला. घराची मेन बंद करून शोध सुरू केला. दोन रंगांची साधी फ्लेक्झिबल वायर घरातून निघून टिनाच्या कापलेल्या कडेवरून आत गेली होती. टिन वाऱ्याने हलत राहिले आणि त्या कडेने वायरचे कव्हर सुरीसारखे चिरले होते. आतला तांब्याचा एक तंतू टिनाला टेकलेला दिसायला मला भिंग नको होते, पण नेमकी ती जागा सापडायला तासभर गेला. स्विच न्यूट्रलमध्ये होता. म्हणून दिवा बंद असूनही फेज त्या कडेपर्यंत पोहोचत होता आणि तिथून सगळ्या छपरात, अँगलमध्ये आणि ओल्या जमिनीत उतरत होता.

ओल्या जमिनीत करंट उतरतो तेव्हा कोठ्याच्या लोखंडी खांबाजवळ दाब जास्त असतो आणि दूर जाताना कमी होतो. माणसाचे दोन पाय जवळजवळ असतात, बैलाचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फुटांवर, त्यामुळे त्याच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक मोठा आणि प्रवाहाची वाट थेट छातीतून. बैल अडून बसला याचे कारण त्याला आपल्या आधी कळले, एवढेच होते.

बाहेर जाणारी वायर नेहमी पाइपातून न्यावी, टिनाच्या भोकात रबरी बूच किंवा ग्लँड बसवावा आणि मध्ये जोड देऊ नये. जुन्या वायरला टेप लावून वेळ निभावणे हा बाहेरच्या कामात उपायच नाही. ऊन टेपचा गोंद सुकवते आणि पाऊस आत शिरतो. अशा वायरची खरी परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरनेच (कव्हरमधून करंट गळतो का हे मोजणाऱ्या यंत्रानेच) होते.

नववी: वावरातला फोकस

पंपाच्या पेटीतून फोकस घेतला जातो तेव्हा दोन चुका ठरलेल्या असतात. पंपाला तीन फेज येतात आणि बऱ्याच ठिकाणी पेटीपर्यंत न्यूट्रल आणलेलाच नसतो. मग कोणी दोन फेजवर दिवा लावतो, म्हणजे २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या घरात, आणि ड्रायव्हर फटाक्यासारखा फुटतो. दुसरा अधिक "हुशार" माणूस एक वायर फेजला आणि दुसरी बोअरच्या लोखंडी पाइपाला लावतो. दिवा छान पेटतो. ज्या दिवशी पाइपाचा जमिनीशी संपर्क सुटतो किंवा वायर पाइपापासून निघून पडते, त्या दिवशी बल्बमधून आलेला फेज त्या टोकावर तसाच उभा असतो आणि पाणी प्यायला आलेले जनावर किंवा मोटार सुरू करायला आलेला सालगडी ती वाट पूर्ण करतो. घरात न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या रॉडवर दिवे चालवणे हा त्याचाच घरगुती प्रकार. हे सापडले तर मी दुरुस्तीची गोष्टच करत नाही, आधी वायर काढतो.

जबाबदारी कोणावर येते

हा भाग लोक टाळतात, म्हणून नेमके लिहितो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेविषयीचे विनियम २०१० साली आले आणि त्यांच्या जागी २०२३ चे आले. त्यांचा गाभा असा की २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू, फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप न बदलता, बदलून लावायला परवाना लागत नाही. त्यापलीकडचे वाढवणे, बदलणे, दुरुस्त करणे हे राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. बल्ब बदलणे घरच्याचे काम का आणि चोक काढणे त्याचे का नाही, याचे उत्तर "स्वरूप" या एका शब्दात आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ८७ सांगते की इजा झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादनाच्या दायित्वाचा दावा चालत नाही. फोकस उघडून वायर बदलली की दुकानदाराकडे जाण्याची वाट आपणच बंद केली. त्याच कायद्यात पैसे घेऊन सदोष सेवा देणाऱ्यावरही दायित्व येते, त्यामुळे शंभर रुपये घेऊन शेजाऱ्याची पट्टी डायरेक्ट करून देणाऱ्या पोरानेही हे वाचावे.

विजेच्या अपघातात जीव गेला तर विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते, आणि त्यात ते फिटिंग उघडले जाते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. मजुरी करायला आलेला माणूस, शेजारचे लेकरू किंवा भाडेकरू यांच्या बाबतीत "मी तर माझ्या घरात केले" हे म्हणणे टिकत नाही. शेतीच्या जोडणीवरून मंजूर नसलेल्या कामासाठी वीज घेतली तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुपटीने आकारणी होते, ते वेगळेच.

कुठे थांबावे

लोखंडावर टेस्टर पेटला, मेन बंद करूनही सॉकेट जिवंत राहिले, भिंत किंवा छप्पर ओले असताना झटका बसला, भिंतीच्या आतून जळका वास आला, बोअर किंवा अर्थिंगचा न्यूट्रल म्हणून वापर झालेला दिसला, किंवा तीन फेजची पेटी उघडावी लागत असेल, तर तिथे थांबून परवाना असलेल्या वायरमनला बोलवावे आणि त्याचा परवाना पाहायला संकोच करू नये. काही दिवे अति प्रखर आणि काही मंद दिसले, तर एक क्षणही न घालवता मेन बंद करावी: बाहेरचा न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता असते आणि तसे असेल तर आपल्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. हा बिघाड मीटरच्या अलीकडचा नाही. मीटर, सर्व्हिस वायर, खांब आणि डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) यांना वायरमननेही हात लावायचा नसतो. त्यासाठी १९१२ वर फोन करून लाईनमनला बोलवावे.

कोणी चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नये. मेन पाडावी, ती जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी आणि १०८ ला फोन करावा. श्वास थांबलेला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोरात आणि भरभर दाब देत राहावे.

वायरमन येण्याआधी त्या जागेला टेप लावू नये, वायर सरळ करू नये, जळका होल्डर फेकू नये. सगळे होते तसे ठेवून मोबाईलवर फोटो काढावेत. बिघाड पावसातच होतो की नेहमी, लाईन कधी गेली होती, खांबावर अलीकडे काम झाले का, हे सांगावे. आणि त्या दिव्याला आधी कोणी काय केले होते, ते न लाजता सांगावे. त्या कोठ्यात मी तासभर माग काढत होतो तेव्हा पट्टी डायरेक्ट करणारा आणि वायर टिनावरून ओढणारा त्या शेतकऱ्याचा पुतण्या माझ्यासाठी शिडी धरून उभा होता. शेवटी टिनाची कड सापडल्यावर तो हळूच म्हणाला, "तिथूनच नेली होती मी."